शेवटच्या दोन पानांतली भुतं

बऱ्याच वर्षांपूर्वी मुंबईत फाउंटनच्या पदपथावर मला ‘स्वॅम्प थिंग’ या अमेरिकन भयकॉमिक्सचा एक सुटा अंक मिळाला. मुखपृष्ठाचा कोपरा गेलेला, पिना गंजलेल्या, कागद चहात बुडवल्यासारखा पिवळा. गोष्ट मधूनच सुरू होऊन मधेच संपत होती, त्यामुळे ती मला धड कळली नाही. पण शेवटी वाचकांच्या पत्रांचं पान होतं आणि ते मी दोनदा वाचलं. बारीक टायपात दाटीनं छापलेली पत्रं, प्रत्येकाखाली नाव आणि गाव, मग संपादकांचं उत्तर. एका उत्तराशेजारी समासात कुणीतरी पेन्सिलीनं देवनागरीत लिहिलं होतं : ‘पटत नाही’. माझ्या आधी हा अंक ज्याच्या हातात होता त्या मुंबईकराला अमेरिकेतल्या संपादकाचं म्हणणं पटलं नव्हतं, आणि ते त्याला कुठेतरी नोंदवून ठेवावंसं वाटलं होतं.

पुढे याच मालिकेचे जाडजूड संग्रह मी विकत घेतले. पांढरा शुभ्र कागद, स्वच्छ छपाई, विद्वत्तापूर्ण प्रस्तावना. पत्रांचं पान मात्र नाही. ते गाळण्यात कुणाचा दुष्टावा नव्हता. पुस्तक म्हणजे गोष्ट, बाकी सगळं फुटकळ, एवढाच हिशोब. मला हा हिशोब चुकीचा वाटतो. भुताखेतांच्या, मंत्रतंत्राच्या कॉमिक्स मालिका ज्या तऱ्हेनं घडल्या ते पाहिलं तर वाचक आणि निर्माते यांच्यातलं बोलणं हा त्या मालिकांचा अर्धा ऐवज आहे. गेल्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांतलं हे बोलणं कसं चाललं, त्यानं काय घडवलं आणि कुठे दुखावलं, ते इथे पाहायचं आहे. मुख्यतः अमेरिकेतलं आणि त्याला जोडून ब्रिटनमधलं, कारण या मालिका तिथल्या आहेत.

पत्रांच्या पानाचा जन्म साहित्यप्रेमातून झालेला नाही. अमेरिकन टपाल खात्याची नियतकालिकांसाठी स्वस्त दराची सवलत होती, आणि ती मिळवायची तर अंकात निदान दोन पानं नुसत्या मजकुराची असावी लागत. म्हणून सुरुवातीच्या कॉमिक्समध्ये कुठेतरी मधे दोन पानांची एक रटाळ गद्य गोष्ट कोंबलेली असे. ती मुलं वाचत नसत. पुढे संपादकांच्या लक्षात आलं की त्या जागी वाचकांची पत्रं छापली तर नियमही पाळला जातो आणि लेखकाला पैसेही द्यावे लागत नाहीत. विज्ञानकथांच्या मासिकांनी हा रस्ता १९२० च्या दशकातच दाखवला होता. तिथे पत्रलेखकाचा पूर्ण पत्ता छापत, आणि वाचक एकमेकांना परस्पर लिहू लागले. चाहत्यांची बिरादरी म्हणून आज आपण जे ओळखतो ते त्या पत्त्यांतून उभं राहिलं.

भयकथांच्या कॉमिक्समध्ये या पानाला खरी जान आणली ती ‘ईसी’ या प्रकाशनसंस्थेनं. विल्यम गेन्स आणि अल फेल्डस्टाइन यांनी १९५० मध्ये ‘टेल्स फ्रॉम द क्रिप्ट’, ‘द व्हॉल्ट ऑफ हॉरर’ आणि ‘द हॉण्ट ऑफ फियर’ ही तीन मासिकं उभी केली. तिघांना तीन यजमान होते : क्रिप्ट-कीपर, व्हॉल्ट-कीपर आणि म्हातारी चेटकीण. गोष्ट सुरू करणं आणि संपवणं हे त्यांचं काम. पण ते पत्रांनाही उत्तरं देत. तिघांचं आपसांत भांडण चाले, कुणाला किती पत्रं आली यावरून टोमणे मारले जात, वाचकांची थट्टा केली जाई आणि वाचकांनाही ती हवी असे. म्हणजे पत्र लिहिणारा बारा वर्षांचा मुलगा संपादकाशी बोलत नव्हता. तो थेट थडग्याच्या राखणदाराशी बोलत होता, आणि राखणदार त्याच्या नावानिशी उत्तर देत होता. आपल्याकडे आजी भुताची गोष्ट सांगताना मधेच थांबून ‘मग काय झालं सांग’ असं विचारते, त्यातली ही गंमत. भुताची गोष्ट ऐकणाऱ्याशिवाय उभीच राहत नाही. ईसीनं ऐकणाऱ्याला छापील अंकात बसायला जागा दिली.

१९५३ मध्ये त्यांनी चाहत्यांचं मंडळही काढलं. पंचवीस सेंट भरले की सभासद होता येई. त्याच सुमारास वाचकांनी स्वतःची सायक्लोस्टाइल केलेली पत्रकं सुरू केली, आणि चित्रकारांनी सही केली नसली तरी चित्राच्या ढंगावरून ते कुणाचं आहे हे ओळखायची चढाओढ लागली. इतर प्रकाशक चित्रकारांची नावं लपवत असताना ईसीनं त्यांची छायाचित्रं आणि चरित्रं छापली. वाचकाला निर्माता माणूस म्हणून दिसला तो इथे.

याच काळातला एक प्रसंग मला फार आवडतो. ईसीच्या एका अंकात रे ब्रॅडबरी यांच्या दोन विज्ञानकथा एकत्र करून, न विचारता, १९५२ मध्ये एक गोष्ट छापली गेली. ब्रॅडबरींनी वकिलाची नोटीस धाडली नाही. त्यांनी गेन्स यांना अतिशय सौम्य पत्र लिहिलं : माझ्या दोन कथांच्या हक्कांचे पन्नास डॉलर तुमच्याकडून पाठवायचे राहून गेलेले दिसतात. गेन्सनी पैसे पाठवले. त्यानंतर ब्रॅडबरींच्या कथांची अधिकृत रूपांतरं ईसीत येऊ लागली आणि मुखपृष्ठावर त्यांचं नाव झळकू लागलं. चोरी पकडणारा वाचक आणि चोरी कबूल करणारा संपादक यांच्या दोन पत्रांतून त्या काळातल्या काही सर्वोत्तम चित्रकथा निघाल्या.

मग १९५४ आलं. मनोविकारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थम यांचं पुस्तक गाजत होतं, कॉमिक्समुळे मुलं बिघडतात या तक्रारीवर सिनेटच्या उपसमितीची न्यूयॉर्कमध्ये सुनावणी लागली, आणि २१ एप्रिलला गेन्स आपणहून साक्षीला गेले. सिनेटर केफॉव्हर यांनी त्यांच्यासमोर एका अंकाचं मुखपृष्ठ धरलं. पुरुषाच्या एका हातात कुऱ्हाड, दुसऱ्या हातात बाईचं कापलेलं मुंडकं. हे सुरुचीला धरून आहे का, असा प्रश्न. भयकथेच्या मुखपृष्ठापुरतं आहे, असं गेन्स म्हणाले आणि तिथेच खटला हरले. त्याच वर्षी त्यांनी अंकात वाचकांना कळकळीचं आवाहन छापलं : सिनेटला पत्रं लिहा, आईवडिलांना लिहायला सांगा. पत्रांच्या पानावर वाढलेल्या मुलांना त्यांनी लोकशाहीचं पहिलं हत्यार हातात दिलं, असं मला वाटतं. ते हत्यार पुरलं नाही. ऑक्टोबर १९५४ मध्ये प्रकाशकांच्या संघटनेनं आचारसंहिता आणली. चालती प्रेतं, रक्तपिपासू, लांडगामाणूस या सगळ्यांवर बंदी आली, आणि मासिकाच्या नावात ‘हॉरर’ हा शब्दही चालेना. ईसीची तिन्ही मासिकं बंद झाली.

पण वाचक बंद झाले नाहीत. ते मोठे झाले. आणि इथून या आढाव्यातला सगळ्यात महत्त्वाचा धागा लागतो : पुढच्या पिढीतले भयकॉमिक्सचे लेखक-चित्रकार हे बहुतेक सगळे पत्रं लिहिणारे, चित्रं पाठवणारे, पत्रकं काढणारे वाचक होते.

बर्नी राइटसन याचं उदाहरण घ्या. १९६४ मध्ये निघालेलं ‘क्रीपी’ मोठ्या आकाराचं मासिक असल्यानं आचारसंहितेच्या कचाट्यात सापडत नव्हतं. त्याच्या नवव्या अंकात, १९६६ साली, चाहत्यांच्या पानावर या पोरानं पाठवलेलं चित्र छापून आलं : थडग्याचा दगड आणि त्यावर त्याचंच नाव. पाच वर्षांनी याच राइटसननं लेन वीन यांच्याबरोबर ‘हाउस ऑफ सीक्रेट्स’च्या ब्याण्णवाव्या अंकात स्वॅम्प थिंगला जन्म दिला. वीन हेही किशोरवयापासूनचे चाहते. त्यांचा मित्र मार्व वुल्फमन तर शाळकरी वयातच फॅनझीन, म्हणजे चाहत्यांची पत्रकं, काढत असे. त्यातल्या ‘स्टोरीज ऑफ सस्पेन्स’ नावाच्या पत्रिकेत त्यानं १९६६ मध्ये एका अनोळखी मुलाची, थडगी उकरणाऱ्याची गोष्ट छापली. त्या मुलाचं नाव स्टीफन किंग.

इथे थोडं थांबतो, कारण हा धागा आपल्या अंगणात येतो. किंग ईसीच्या मासिकांवर पोसलेला. ते ऋण त्यानं लेखनातून आणि १९८२ च्या ‘क्रीपशो’ या चित्रपटातून जाहीरपणे फेडलं. त्याच्या ‘सेलम्स लॉट’वर बेतलेली नारायण धारपांची ‘लुचाई’ मराठी घराघरांत रात्री दिवा लावून वाचली गेली. किंगचीच एक कथा धारपांच्या ‘आजी’त उतरली, आणि धारपांची गोष्ट रानात मित्राच्या तोंडून ऐकलेल्या राही बर्वे यांनी पुढे ‘तुंबाड’ हा चित्रपट केला. न्यूयॉर्कमधल्या पोरांचं सायक्लोस्टाइल पत्रक एका टोकाला आणि कोकणातल्या पावसात भिजलेला तो वाडा दुसऱ्या टोकाला. मधले सगळे जण आधी कुणाचे तरी वाचक किंवा ऐकणारे होते.

आचारसंहिता १९७१ मध्ये सैल झाली. ड्रॅक्युला, फ्रँकेन्स्टाइन यांच्यासारख्या जुन्या साहित्यपरंपरेला धरून असतील तर रक्तपिपासू आणि लांडगेमाणसं चालतील, असं ठरलं. त्याच्या थोडं आधीचा एक किस्सा या क्षेत्रातले लोक अजून सांगतात. एका गोष्टीच्या प्रास्ताविकात यजमानानं ‘ही मला एका भटक्या वुल्फमननं सांगितली’ असं म्हटलं. तपासनीसांनी हरकत घेतली : लांडगामाणूस चालणार नाही. ते लेखकाचं आडनाव आहे, असं कळवल्यावर उत्तर आलं, मग तसं श्रेय छापा. एकाला श्रेय दिल्यावर बाकीचेही मागू लागले, आणि त्या मासिकांत लेखकांची नावं येऊ लागली. निर्माता वाचकाला नावानं कळणं ही आज इतकी साधी गोष्ट वाटते, पण ती अशी आडवाटेनं मिळालेली आहे.

वुल्फमननी पुढे ‘टूम ऑफ ड्रॅक्युला’ सातव्या अंकापासून शेवटच्या सत्तराव्यापर्यंत लिहिली. चित्रकार जीन कोलन पहिल्यापासून होते. १९७२ ते १९७९ एवढा काळ एकच खलनायक नायकाच्या जागी धरून ठेवणं सोपं नव्हतं, आणि तिथली पत्रं वाचली की कळतं की वाचक ड्रॅक्युलाच्या बाजूनं आहेत की विरोधात, हे त्यांचं त्यांनाच ठरवता येत नव्हतं. याच मालिकेच्या दहाव्या अंकात ब्लेड आला. ब्लेडच्या हक्कांवरून वुल्फमननी पुढे खटला भरला आणि २००० मध्ये ते हरले. वाचकांच्या लेखी ब्लेड वुल्फमन-कोलन यांचाच. कायद्याच्या लेखी कंपनीचा. चाहते आणि निर्माते यांच्यात जिव्हाळा कितीही असो, तिसरा पक्ष कायम खोलीत असतो.

आता पुन्हा ‘स्वॅम्प थिंग’कडे. १९८२ मध्ये दुसऱ्यांदा सुरू झालेली ही मालिका रखडत होती. संपादक लेन वीन यांनी इंग्लंडमधल्या नॉर्थॅम्प्टनला फोन लावला. ॲलन मूर यांना वाटलं, कुणीतरी मित्र आवाज बदलून चेष्टा करतोय. विसाव्या अंकापासून मूर आले आणि एकविसाव्यात त्यांनी मालिकेचा पायाच उखडला. दलदलीतला तो प्राणी म्हणजे शापित शास्त्रज्ञ नव्हेच. शास्त्रज्ञ केव्हाच मेला, आणि आपण तो माणूस आहोत अशी समजूत झालेली ती वनस्पती आहे. दहा-बारा वर्षं वाचक ज्याच्या बरं होण्याची वाट पाहत होते त्याला बरं व्हायला शरीरच नव्हतं. असा धक्का देण्याची हिंमत जुन्या चाहत्यालाच होते, कारण कुठली खुंटी ओढली की सगळा मंडप खाली येईल ते त्याला ठाऊक असतं.

चित्रकार स्टीव्हन बिसेट आणि जॉन टोटलबेन हे जो क्युबर्ट यांच्या न्यू जर्सीतल्या चित्रशाळेत शिकलेले, राइटसनच्या चित्रांवर जीव टाकणारे. मूर त्यांना लांबलचक पत्रं लिहीत आणि त्यांच्या सूचना पटकथेत घेत. २९ व्या अंकाला आचारसंहितेच्या मंडळानं मंजुरीचा शिक्का नाकारला. कॅरन बर्गर संपादक होत्या, आणि अंक शिक्क्याविना बाजारात गेला. थोड्याच दिवसांत मालिकेनं शिक्का कायमचा सोडला. ज्या चालत्या प्रेतांनी गेन्सना बुडवलं, ती तीस वर्षांनी मोठ्या प्रकाशकाच्या अंकात उजळ माथ्यानं परतली.

आणि मग जॉन कॉन्स्टंटाइन. याची जन्मकथा म्हणजे चाहतेपणाचाच महिमा. बिसेट आणि टोटलबेन यांना गायक स्टिंगसारख्या दिसणाऱ्या माणसाचं चित्र काढायचं होतं. कारण विचाराल तर एवढंच, की त्यांना तो आवडत असे. त्यांनी आधी पंचविसाव्या अंकात गर्दीत एक तसा चेहरा काढून टाकला. मूरनी त्यांची हौस पुरवायची ठरवली, आणि जून १९८५ ची तारीख असलेल्या ३७ व्या अंकात तो बोलू लागला : लिव्हरपूलचा, कामगारवर्गातला, चुरगळलेला रेनकोट, सतत पेटलेली सिगारेट, आणि जादूविषयी बाळगायला हवा तो आदर अजिबात नाही. तोवर कॉमिक्समधले मांत्रिक म्हणजे झगे घातलेले खानदानी गृहस्थ. हा मात्र कोपऱ्यावरच्या पानटपरीशी भेटावा असा. मूर सांगत की लंडनमधल्या एका सँडविचच्या दुकानात तो त्यांना प्रत्यक्ष दिसला. पुढे जेमी डेलानो यांनीही आपण त्याला ब्रिटिश म्युझियमजवळ पाहिल्याचं सांगितलं. खरंखोटं कुणी करत बसू नये. आपल्याकडेही ज्याला दिसतो त्याला दिसतो.

कॉन्स्टंटाइनची स्वतंत्र मालिका ‘हेलब्लेझर’ जानेवारी १९८८ च्या अंकानं सुरू झाली. नाव ‘हेलरेझर’ ठरत होतं, पण क्लाइव्ह बार्कर यांचा त्या नावाचा चित्रपट आदल्याच वर्षी आला. डेलानो लेखक, जॉन रिजवे चित्रकार. तिसऱ्याच अंकात १९८७ ची ब्रिटिश निवडणूक आहे, थॅचरबाईंचा विजय आहे, आणि आत्म्यांची खरेदीविक्री करणारी सूटबूटवाली भुतं आहेत. ब्रिटिश वाचकाला ती आपल्या गल्लीतली वाटली. या मालिकेनं आणखी एक धाडस केलं जे अमेरिकन कॉमिक्समध्ये जवळपास कुणी करत नाही : नायकाचं वय वाढू दिलं. जन्म १९५३ चा, आणि १९९३ च्या ६३ व्या अंकात त्याचा चाळिसावा वाढदिवस. सुपरमॅन आजन्म तिशीत राहतो. कॉन्स्टंटाइनचे केस मात्र वाचकांबरोबर पिकत गेले. वीस वर्षं एखादी मालिका वाचणारा माणूस नायकाशी जसं बोलतो तसं बोलणं यामुळे शक्य झालं. तुमचे मित्र मरतात तेव्हा त्याचेही मरतात.

१९९१ मध्ये गार्थ एनिस लेखक झाले तेव्हा ते अवघे एकविशीत होते, आणि आल्या आल्या त्यांनी नायकाला फुफ्फुसाचा कर्करोग दिला. इतकी वर्षं इतक्या सिगारेटी ओढल्यावर दुसरं काय होणार! मांत्रिकाला राक्षसानं मारायचं सोडून त्याच्याच सवयीनं मारायला काढलं. यातून तो सुटतो कसा, तर नरकाच्या तीन अधिपतींना स्वतःचा आत्मा वेगवेगळा विकून. तो मेला तर तिघांत युद्ध पेटणार, म्हणून नाइलाजानं त्यांनाच त्याला बरं करावं लागतं. चाहत्यांमध्ये सर्वोत्तम ‘हेलब्लेझर’ कोणती हा वाद अजून चालतो, आणि बहुतेक वेळा या गोष्टीपाशी येऊन थांबतो. माझं मत डेलानोच्या बाजूनं आहे. एनिसची गोष्ट बांधेसूद आहे, पण डेलानोच्या अंकांत एक ओल आहे, लंडनच्या भाड्याच्या खोलीतल्या भिंतीसारखी, आणि ती पुढे कुणालाच साधली नाही.

मतभेद नेहमीच असे गोड राहिले नाहीत. १९९९ मध्ये वॉरन एलिस यांनी शाळांतल्या गोळीबारांवर एक अंक लिहिला, चित्रंही झाली, आणि एप्रिलमध्ये कोलंबाइनच्या शाळेत हत्याकांड झालं. प्रकाशकांनी बदल मागितले, एलिसनी नकार दिला आणि मालिका सोडली. तो अंक २०१० मध्ये छापला गेला. मधली अकरा वर्षं जाणकार चाहते त्याच्याविषयी बोलतच होते. याआधी १९८९ मध्ये ‘स्वॅम्प थिंग’वर असंच घडलं होतं. रिक व्हीच यांची नायकाची येशूशी भेट घडवणारी गोष्ट आयत्या वेळी रोखली गेली, व्हीच बाहेर पडले, आणि त्यांच्या जागी यायचं ठरलेले नील गेमन आणि डेलानो यांनीही ती जागा घ्यायला नकार दिला.

२००५ च्या चित्रपटात कॉन्स्टंटाइन काळ्या केसांचा, लॉस एंजेलिसमधला किआनू रीव्ह्ज झाला तेव्हा जुने वाचक चिडले. केसांचा रंग हे वरवरचं कारण होतं. त्यांचा राग होता तो माणसाचा वर्ग काढून घेतला, त्याची बोली काढून घेतली, याबद्दल. ३०० अंकांनंतर २०१३ मध्ये मूळ मालिका बंद करून तरुण कॉन्स्टंटाइन सुपरहिरोंच्या पंगतीला बसवला तेव्हा ती नाराजी दुप्पट झाली. २०१९ मध्ये सायमन स्परियर आणि आरॉन कॅम्पबेल यांनी जुना, थकलेला, ब्रिटिश कॉन्स्टंटाइन परत आणला. बाराच अंकांत मालिका थांबली. वाचक तिची आठवण सोडेनात. २०२४ मध्ये तीच गोष्ट पुढे चालू झाली.

नील गेमन यांच्या ‘सँडमन’ची तऱ्हा वेगळी. १९८९ ते १९९६, पंचाहत्तर अंक, आणि वाचकवर्ग असा की कॉमिक्सच्या दुकानात कधी पाऊल न टाकलेल्या मुली ते घ्यायला येऊ लागल्या. आठव्या अंकात मृत्यू प्रथम दिसला : काळे कपडे घातलेली, हसरी, मनमिळाऊ तरुणी. तिचं रूप चित्रकार माइक ड्रिंगेनबर्ग यांनी ओळखीतल्या एका मुलीवरून घेतलं होतं. जिवलग गमावलेल्या वाचकांनी त्या अंकाविषयी जे लिहिलं आणि सह्यांच्या रांगेत जे सांगितलं, त्यातून हे पात्र मालिकेपेक्षा मोठं झालं. १९९३ मध्ये तिला घेऊन एड्सपासून बचावाची माहिती देणारी छोटी पुस्तिका निघाली; त्यात ती वाचकांशी थेट बोलते, आणि प्रात्यक्षिकासाठी केळं धरून कॉन्स्टंटाइन अवघडून उभा असतो. ज्या प्रकाशनसंस्थांवर मुलं बिघडवल्याचा आरोप झाला होता, त्यांच्यातल्याच एकीच्या भुतांनी हे काम केलं.

‘अ गेम ऑफ यू’ या भागात वांडा ही पारलिंगी स्त्री येते आणि मरते. तिचं चित्रण आपुलकीचं की अन्यायाचं, यावर वाचकांत खोल मतभेद झाले, आणि त्या भागाच्या संग्रहाला प्रस्तावना लिहिताना सॅम्युएल डिलेनी यांनी या अडचणीकडे पाठ फिरवली नाही. याच प्रकाशकांच्या ‘डूम पेट्रोल’मध्ये तर वाचक-निर्माता हे अंतरच पुसलं गेलं. टॅरोवरच्या पुस्तकांमुळे नावाजलेल्या रेचल पोलॅक यांनी संपादक टॉम पेयर यांना भाबड्या चाहतीच्या सुरात पत्रं लिहायला सुरुवात केली : ही मालिका मला लिहायला द्या ना! ती पत्रं पत्रांच्या पानावर छापून येत. १९९३ मध्ये ६४ व्या अंकापासून त्या खरंच लेखिका झाल्या, आणि स्वतः पारलिंगी असलेल्या पोलॅकनी त्या मालिकेत केट गॉडविन ही पारलिंगी नायिका आणली. वांडाविषयीच्या वादाला याहून चांगलं उत्तर मला माहीत नाही.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. २०२४ पासून गेमन यांच्यावर अनेक स्त्रियांनी लैंगिक अत्याचाराचे आरोप केले आहेत. त्यांत त्यांच्या वाचक असलेल्याही आहेत. गेमन यांनी आरोप नाकारले आहेत. मी वर ज्या जवळिकीचं एवढं कौतुक केलं तिच्यात दोन्ही बाजू समान उंचीवर उभ्या नसतात. सह्यांच्या टेबलाच्या एका बाजूला बसलेला माणूस असतो आणि दुसऱ्या बाजूला तासभर उभी असलेली मुलगी. पत्रांचं पान या दोघांमध्ये एक छापील अंतर ठेवत होतं, संपादकाचा डोळा ठेवत होतं. ते सुरक्षिततेची हमी नव्हतंच, पण ते काहीतरी होतं. ‘सँडमन’ मी आज पूर्वीसारखा वाचू शकत नाही. पत्रं लिहिणाऱ्या त्या वाचकांचं दुःख मात्र खरं होतं, आणि ते कुणाच्या वर्तनानं खोटं ठरत नाही.

माइक मिन्योला यांच्या ‘हेलबॉय’कडे वळताना मला हायसं वाटतं. १९९४ मध्ये सुरू झालेल्या या मालिकेच्या पत्रांच्या पानाचं नाव होतं ‘हेल मेल’. मिन्योला संग्रहांत प्रत्येक गोष्टीआधी चार ओळी लिहितात : ही कुठल्या लोककथेवरून घेतली, काय बदललं, काय जमलं नाही. ‘द कॉर्प्स’ ही छोटी कथा आयर्लंडच्या एका जुन्या गोष्टीवरून आहे. प्रेत पाठीवर घेऊन रात्रभर त्याला पुरायला जागा शोधायची. वेताळाला खांद्यावर घेऊन चालणारा विक्रम ज्यानं ‘चांदोबा’त पाहिला आहे, त्याला ती वाचताना पाठीवर ओळखीचं ओझं जाणवेल. वेताळावरून आठवलं : ‘इंद्रजाल कॉमिक्स’नं फँटमचं नाव मराठीत ‘वेताळ’ ठेवलं. फँटम हाडामांसाचा माणूस, पिढ्यान्‌पिढ्या एकच मुखवटा वापरून अमर असल्याचा देखावा करणारा, आणि लोक त्याला चालतं भूत म्हणतात. आमच्या आरवलीचा वेतोबाही रात्री गावभर फिरतो. भक्तांनी वाहिलेल्या त्याच्या भल्यामोठ्या चपला फिरून फिरून झिजतात, अशी श्रद्धा आहे. ज्या कुणाला हे नाव सुचलं, त्यानं ते शब्दकोशात पाहून ठेवलं असेल असं मला वाटत नाही.

सन २००२ मध्ये डीसीनं, म्हणजे ‘स्वॅम्प थिंग’ आणि ‘हेलब्लेझर’च्या प्रकाशकांनी, आपल्या अंकांमधली पत्रांची पानं बंद केली. टपालाचा तो जुना नियम आता कुणाला अडवत नव्हता, बोलणं दुसरीकडे गेलं होतं, आणि पान मोकळं झालं की जाहिरात घेता येत होती. त्या आधीच्या पन्नास वर्षांची पत्रं आजही आहेत, पण सुट्या अंकांत. मिशिगन स्टेट विद्यापीठासारख्या काही ग्रंथालयांनी असे लाखो अंक जपले आहेत. संग्रह काढणाऱ्या प्रकाशकांनी प्रत्येक खंडाच्या शेवटी वीस-पंचवीस पानं या पत्रांना द्यावीत, निदान ‘स्वॅम्प थिंग’ आणि ‘हेलब्लेझर’च्या बाबतीत तरी. कच्ची रेखाटनं छापायला जागा सापडते, तशी हीही सापडेल. एकविसावा अंक वाचल्यावर पहिल्या महिन्यात लोकांना काय वाटलं, चाळिशीतल्या कॉन्स्टंटाइनला चाळिशीतल्या वाचकानं काय लिहिलं, हे कळल्याशिवाय त्या गोष्टी नुसत्या गुळगुळीत अभिजात ग्रंथ होऊन बसतात.

पदपथावरचा तो अंक माझ्याकडे आहे. पूर्वी तो मी वेगळ्या फायलीत ठेवत असे. आता जाड संग्रहात जिथे त्याची गोष्ट संपते, नेमका त्या पानावर घालून ठेवतो. पुस्तक त्यामुळे नीट मिटत नाही.